कुकडीच्या उताराने

जुन्नर म्हटले की शिवनेरी, आणि शिवनेरी म्हटले की १९ फेब्रुवारी १६३०, एवढ्यावर आपले बोलणे सहसा संपते. त्या दिवसाचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण एका जन्मतिथीच्या तेजात एक संपूर्ण मुलूख दिसेनासा व्हावा, हेही मला रास्त वाटत नाही. जुन्नर तालुका समजून घ्यायचा असेल तर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे, कुकडी नदीचे पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेने पाहावा, असे माझे मत अनेक वर्षांच्या भटकंतीनंतर झाले आहे. सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाटाशी पाऊस अक्षरशः कोसळतो, आणि तेथून पूर्वेकडे आणे पठारापर्यंत जाताना तो कित्येक पटींनी ओसरतो. एकाच तालुक्यात भाताची खाचरे, मध्ये बागायत आणि शेवटी बाजरीची कोरडवाहू राने अशी तीन वेगळी जीवने सामावलेली आहेत. व्यापार, लेणी, किल्ले, धरणे, बिबटे, या सगळ्यांचा उलगडा मला त्या उतारावरच होतो.

आरंभ नाणेघाटापासून करावा लागतो. कोकणात मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याच्या बाजूने चढणारी ही पायवाट वर घाटघरच्या पठारावर येते, तेव्हा शेवटच्या टप्प्यात खडकाच्या दोन भिंतींमधून, दगड बसवलेल्या अरुंद खिंडीतून जावे लागते. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून देशावर आणण्यासाठी ही वाट वापरात होती आणि ती पुढे प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे, जात होती. खिंडीच्या वरच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे प्रत्येक वाटाड्या सांगतो. हे पुराव्याने सिद्ध झालेले नाही, आणि उघड्यावरच्या रांजणात तिजोरी ठेवणारे राज्य फार काळ टिकले असते असे मला वाटत नाही. पण एवढ्या वाहतुकीवर जकात वसूल होत असणार, ही त्या सांगण्यामागची समजूत मात्र अगदी खरी असावी.

खिंडीच्या बाजूला कोरलेल्या दालनात तिन्ही बाजूंनी दगडी बाके आहेत आणि डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील मोठा लेख आहे. सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा हा लेख इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या किंवा पहिल्या शतकातील मानतात. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे, आणि त्यानंतर यज्ञांची व दक्षिणांची जी यादी सुरू होते ती वाचताना आपण प्रशस्ती वाचत आहोत की हिशेबाची वही, असा प्रश्न पडतो. एका यज्ञात १,७०० गाई आणि १० हत्ती, दुसऱ्या ठिकाणी ११,००० गाई आणि १,००० घोडे, आणखी एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. हे आकडे अंकांत कोरलेले आहेत, आणि भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या भिंतींची गणना होते. शून्य आणि स्थानमूल्य तेव्हा आलेले नव्हते. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखावर आणि त्यातील अंकांवर मोलाचे काम केले. राजघराण्याने आपले वैभव अंकांत मांडावे आणि तेही नेमके व्यापारी वाटेवर, जेथून जाणाऱ्या प्रत्येकाला आकडे कळतात अशा ठिकाणी मांडावे, यातील व्यवहारचातुर्य मला त्या यज्ञांपेक्षा अधिक बोलके वाटते.

दालनाच्या मागील भिंतीवर राजकुटुंबाच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज तेथे पावलांच्या खुणा आणि डोक्यावरची नावे एवढेच उरले आहे: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. पावसाळ्यात आठवड्याच्या सुट्टीला या दालनात गेल्यास भिजलेल्या पर्यटकांच्या गर्दीत ही नावे दिसणेही कठीण होते. वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहायला आलेल्यांना या दालनाचा उपयोग आडोसा म्हणून होतो. त्यात गैर काही नाही. ही जागा प्रवाशांच्या विसाव्याचीच होती.

घाट चढून आलेला पैसा कोठे मुरला, हे पाहायचे तर जुन्नर शहराभोवतालच्या डोंगरांकडे वळावे लागते. शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या चार डोंगरांच्या गटांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव खोदकामे आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी अन्यत्र क्वचितच असतील. तरीही वेरूळ-अजिंठ्याच्या तुलनेत त्यांची चर्चा फार थोडी होते, आणि त्याचे कारण उघड आहे: येथे पाहण्यासारख्या मूर्ती नाहीत. ही लेणी प्रामुख्याने बुद्धमूर्ती प्रचारात येण्याआधीच्या काळातली आहेत; स्तूप, चैत्यगृह (स्तूप असलेले प्रार्थनेचे दालन), भिक्षूंच्या खोल्या आणि पाण्याची टाकी, एवढाच त्यांचा पसारा. तुळजा लेण्यांतील चैत्यगृह वर्तुळाकार असून स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांब आहेत. असा आराखडा पश्चिम भारतातील लेण्यांत फार विरळा.

मात्र या लेण्यांची खरी श्रीमंती त्यांच्या लेखांत आहे, आणि ते लेख राजांपेक्षा सामान्य धनिकांचे आहेत. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा सुलसदत्त याने दिले. म्हणजे जो माणूस घाटाखालच्या बंदरात पैसा मिळवत होता, त्याने घाटावरच्या डोंगरात दान केले. नाणेघाटाची वाट या एका ओळीत अख्खी उतरली आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. कासारांच्या आणि बुरुडांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे उल्लेख आहेत. मुद्दल श्रेणीकडे राहावे आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंचा खर्च चालावा, अशी ती व्यवस्था होती. एका लेखात वडालिका गावी करंजाच्या झाडाशी असलेली वीस निवर्तने (जमिनीचे जुने माप) आणि कटपुतक गावी वडाच्या झाडाशी असलेली नऊ निवर्तने जमीन दिल्याचे कोरले आहे. सातबाऱ्यावर शेजारच्या गटांच्या चतुःसीमा पाहणाऱ्या आजच्या शेतकऱ्याला झाडाच्या खुणेने जमीन सांगण्याची ही रीत परकी वाटणार नाही.

दात्यांत यवनही आहेत. गत कुळातील इरिल या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, त्याच कुळातील चिट याने भोजनमंडप दिला, आणि चंद या यवनाने मानमोडीच्या डोंगरात चैत्याच्या दर्शनी भागाचे दान केले. हे लोक ग्रीक होते की पश्चिमेकडून आलेल्या आणखी कोणत्या समाजातले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला त्याहून महत्त्वाचे हे वाटते की त्यांची नावे येथील प्राकृतात, येथल्या व्याकरणाने कोरलेली आहेत आणि त्यांचे दान टाक्यांसारख्या रोजच्या गरजेचे आहे. मानमोडीतच शक राजा महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ मधील लेख आहे, त्यावरून हा मुलूख काही काळ सातवाहनांच्या हातून क्षत्रपांकडे गेला होता हे कळते. लेखांतील देणगीदारांची तऱ्हा मात्र बदललेली दिसत नाही. राज्यकर्ते बदलत होते आणि बैल घाट चढत होते.

आज लेण्याद्रीला जाणारे बहुतेक भाविक सातव्या लेण्यात, म्हणजे एका प्रचंड मोठ्या आणि एकही खांब नसलेल्या विहारात, गिरिजात्मजाचे दर्शन घेतात. अष्टविनायकांपैकी डोंगरावर आणि लेण्यात असलेला हा एकमेव गणपती. त्याच्या शेजारचे सुलसदत्ताचे चैत्यगृह पाहण्यासाठी थांबणारे थोडेच. दोन्ही पाहण्यात विरोध नाही. पायऱ्या तर आपण चढलेल्याच असतो.

मध्ययुगाचा प्रवास मी थोडक्यात उरकतो, कारण तो इतरत्र विपुल लिहिला गेला आहे. बहमनी सत्ता खिळखिळी झाली तेव्हा मलिक अहमदने १४९० मध्ये जुन्नरमध्येच स्वातंत्र्य जाहीर केले आणि निजामशाही उभी राहिली. काही वर्षांत राजधानी अहमदनगरला गेली. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने निजामशाहीचा कारभार काही काळ पुन्हा जुन्नरहून चालवला. शिवनेरीच्या सात दरवाजांतून वर जाताना उजवीकडे शिवाई देवीचे मंदिर लागते, आणि देवीच्या आसपास, किल्ल्याच्या कातळात, पुन्हा तीच जुनी लेणी भेटतात. गडावरच्या गंगा-जमुना टाक्यांचे पाणी आजही निर्मळ आहे. ज्या गडावर शिवरायांचा जन्म झाला तो त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही. १६५७ मध्ये त्यांनी जुन्नर शहर लुटले आणि १६७३ मध्ये गड घेण्याचा प्रयत्नही झाला, पण तो फसला. त्यानंतर दोन वर्षांनी, १६७५ मध्ये, जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून कोकणातून घाट चढून जुन्नरला आला होता. गडावर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना पकडून येथे ठार मारले गेले, त्याची ती जागा. शिवजन्मस्थानाच्या इमारतीकडे जाणाऱ्या गर्दीतील फार थोडी पावले तिकडे वळतात.

त्या महादेव कोळ्यांचे वंशज आजही तालुक्याच्या पश्चिम भागात, चावंड, हडसर, जीवधन या किल्ल्यांच्या पायथ्याशी आणि आंबेगावकडच्या डोंगरांत राहतात. त्यांच्यासोबत ठाकरही आहेत. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई, आणि जंगलातून हिरडा, अशी येथील वर्षाची मांडणी आहे. कोवळा असतानाच उतरवून वाळवलेला बाळहिरडा औषधासाठी जातो आणि येथील अनेक घरांना वर्षातून एकदा रोख रक्कम दिसते ती त्याच्या विक्रीतूनच. भाव मात्र खालच्या बाजारात ठरतो. सातवाहनकाळी कड्यावरून माल जात होता तेव्हा कड्यावरच्या माणसाच्या हाती त्यातले किती लागले असेल, याचा अंदाज हिरड्याच्या व्यवहारावरून बांधावासा वाटतो. लेखांत श्रेणींची नावे आहेत, बैल हाकणाऱ्यांची नाहीत.

चावंडजवळ पूर गावी कुकडेश्वराचे कोरीव मंदिर आहे आणि कुकडी तेथून निघते. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांशी बारा शिवमंदिरे बांधली, अशी परंपरा आहे आणि कुकडेश्वर त्यांतले एक मानले जाते. उगमापासून थोडेच अंतर खाली माणिकडोहचे धरण आहे. मीना नदीवर वडज, आर नदीवर पिंपळगाव जोगे, शेजारच्या आंबेगावात घोड नदीवर डिंभे आणि खाली कुकडीवर येडगाव, अशी पाच धरणे मिळून कुकडी प्रकल्प होतो. त्याचे पाणी कालव्यांनी जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळ्यापर्यंत जाते. दुष्काळी मुलखाला पाणी मिळाले, याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण ज्या डोंगरांवर हा पाऊस पडतो, तेथल्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरताना मी पाहिल्या आहेत. कातळावर पडलेले पाणी थांबत नाही, उतारावरून धरणात जाते, आणि धरणाचा कालवा वर चढत नाही. पाणी वर उचलायचे तर वीज, पंप आणि पैसा लागतो, आणि ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्याकडे यातले काहीच नसते. कालव्याच्या आवर्तनावरून खालचे तालुके एकमेकांशी दरवर्षी भांडतात, मोर्चे निघतात, बैठका होतात; त्या भांडणात वरच्या वाड्यांचा पक्ष मांडणारे कोणी फारसे नसते, कारण वाटपाच्या तक्त्यात त्यांचा रकानाच नाही. आणि दुसऱ्या टोकाला आणे पठार आहे, जे उंचावर असल्यामुळे कालव्याच्या आवाक्याबाहेर राहिले. तालुक्याची दोन्ही टोके तहानलेली आणि मधला पट्टा हिरवागार, हे चित्र निसर्गाने काढलेले नाही.

त्या मधल्या पट्ट्यात ऊस आला, आणि उसापाठोपाठ बिबट्या. पूर्वी बिबट्या डोंगरातला प्राणी होता. कालव्याने बारमाही झालेल्या शेतांत त्याला दाट आडोसा, पाणी, आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरे असे सहज भक्ष्य मिळाले. आज येथे अनेक पिढ्या अशा आहेत की ज्या उसात जन्मल्या आणि ज्यांनी जंगल पाहिलेलेच नाही. तोडणी सुरू झाली की फडात बछडी सापडतात. वनविभागाची माणसे रात्री ती त्याच जागी ठेवून आई येऊन नेईपर्यंत वाट पाहतात. या शतकाच्या आरंभी जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ले वाढले, तेव्हा बिबटे पकडून दूर सोडण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर केला गेला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पकडून सोडण्याच्या जागांभोवती हल्ले उलट वाढले होते. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, पण पिंजऱ्यांना मर्यादा असतात. ज्याचे मूल अंगणातून उचलले गेले त्या बापापुढे हा अभ्यास वाचून दाखवण्याची माझी हिंमत नाही. तरीही, रात्रीची वीज मिळते म्हणून रात्रीच पाणी धरायला उसात उतरावे लागणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज दिली तर किती गाठीभेटी टळतील, हा प्रश्न पिंजऱ्यांच्या संख्येपेक्षा आधी विचारायला हवा होता असे मला वाटते.

पुणे-नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव हे या बागायती पट्ट्याचे बाजाराचे गाव. टोमॅटोच्या लिलावासाठी ते आज प्रसिद्ध आहे, पण त्याची आणखी जुनी ख्याती तमाशाची. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडमालकांच्या राहुट्या येथे लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन सुपारी देऊन तारखा ठरवतात. विठाबाई नारायणगावकर या इथल्याच. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळूनही त्यांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि २००२ मध्ये त्या वारल्या. आता राज्य सरकार तमाशातील ज्येष्ठांना त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

नारायणगावापासून जवळच खोडद आहे. विश्वातून येणाऱ्या मीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी टिपण्यासाठी प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारल्या गेल्या. चौदा तबकड्या मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत आणि उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटर पसाऱ्यात आहेत. पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी ताणलेली असल्याने त्या हलक्या आणि तुलनेने स्वस्त झाल्या. जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असणे महत्त्वाचे होते, आणि डोंगरांच्या कुशीतला हा भाग तेव्हा शांत होता. द्राक्षांच्या मांडवांमागून आणि कांद्याच्या चाळींमागून या तबकड्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या दिसतात, तेव्हा त्या या मुलखाला मुळीच विजोड वाटत नाहीत. दूरचे काहीतरी येथे येऊन पोहोचणे ही तर येथली जुनी रीत.

कुकडी पुढे बोरी गावाशी येते, आणि तेथे नदीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर उघडा पडला आहे. दख्खनचा काळा कातळ लाव्ह्याचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख त्या मानाने अगदी अलीकडची आणि परक्या ठिकाणाहून आलेली. सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७५,००० वर्षांपूर्वी महाभयंकर उद्रेक झाला, त्याची ही राख आहे असे अनेक संशोधक मानतात. काहींनी तिचे वय यापेक्षा पुष्कळच जुने काढले आहे. वाद एवढा महत्त्वाचा होण्याचे कारण म्हणजे याच काठावर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली, आणि राखेचे वय ठरले तर त्या हत्यारांच्या वयाची मर्यादाही ठरते. काठावर वाळूउपसा आणि शेतीचे सपाटीकरण सुरू असते, आणि पुढच्या मापनासाठी तो थर शाबूत राहायचा असेल तर त्याभोवती संरक्षणाची रेषा आखून ती पाळली जायला हवी.

बोरीच्या पुढे नदी तालुक्याची हद्द ओलांडते आणि पारनेर तालुक्यातील निघोजजवळ काळ्या कातळात प्रचंड रांजणखळगे कोरत घोड नदीकडे जाते. तो भाग स्वतंत्रपणे, उन्हाळ्यात पाणी कमी असताना पाहण्याचा आहे.